थोरला शहाणा, मधली भांडखोर, धाकटा घुमा

यंदा दहावीचा निकाल लागला, त्यानंतरच्या रविवारी आम्ही चेंबूरकडच्या एका वसाहतीतल्या बुद्धविहारात वंदनेला गेलो होतो. वंदना संपली, खीर वाटून झाली आणि एक बाई तीन लेकरांना घेऊन आमच्याजवळ आल्या. बाई कंत्राटी सफाई कामगार, मालक वॉचमन. "जयभीम सर," म्हणाल्या आणि लेकरांची ओळख करून दिली. "हा थोरला, बीकॉमला आहे. लई शहाणा, जबाबदार. ही मधली, हिची बारावी झाली. एक नंबरची भांडखोर. आणि हा धाकटा. दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले, पण घुमा हो. सदानकदा मूग गिळून बसलेला."

आम्ही पोराचे अभिनंदन केले आणि गणितात किती पडले ते विचारले. उत्तर आईने दिले. आवडता विषय कोणता, असे विचारले. तेही आईनेच सांगितले. पोरगा चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा.

मग बाई मुद्द्यावर आल्या. धाकट्याला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा आहे. "पण सर, हा मुलाखतीत तोंड उघडणार नाही. तीन वर्षं पैसे घालून नोकरी नाही लागली तर? आयटीआयला घालतो, चार पैसे लवकर आणील. आणि हिच्या तोंडापायी ही कुठल्या हापिसात टिकायची? चांगलं स्थळ आलं की उरकून टाकू. थोरल्याचं मात्र पूर्ण शिकवायचं."

आयटीआयला आम्ही कमी लेखत नाही. फिटर, वायरमन, टर्नर होऊन आपल्या समाजातल्या कितीतरी घरांनी पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला. आम्हाला खटकले ते दुसरेच. तीन लेकरांच्या पुढच्या आयुष्याचा निकाल तीन शब्दांवर लागत होता: शहाणा, भांडखोर, घुमा. घरात पैसा एकाच्याच शिक्षणापुरता असला की असे शब्द फार महाग पडतात. म्हणून हे शब्द खरे किती, याचा शोध घ्यायचे आम्ही ठरवले.

थोरल्यापासूनच सुरुवात करू. पहिले मूल जबाबदार, मधले बंडखोर, शेंडेफळ लाडावलेले, असे आपल्याकडे म्हणतात आणि साहेबांच्या देशातही म्हणतात. २०१५ साली या समजुतीची दोन मोठी तपासणी झाली. एकीत अमेरिकेतल्या हायस्कुलात शिकलेल्या ३ लाख ७७ हजार विद्यार्थ्यांची माहिती होती. दुसरीत अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या तीन देशांतली मिळून २० हजारांवर माणसे. निष्कर्ष असा की जन्माच्या क्रमाचा स्वभावाशी म्हणावा असा संबंध नाही. बुद्धीच्या चाचणीत थोरल्यांना किंचित जास्त गुण मिळतात, पण फरक इतका बारीक की त्यावरून एखाद्या मुलाबद्दल काहीही सांगता येत नाही.

मग आपल्याला ते खरे का वाटते? कारण अगदी साधे आहे. थोरला आपल्याला नेहमी धाकट्याच्या शेजारी उभा दिसतो. वीस वर्षांचा पोरगा सोळा वर्षांच्या पोरापेक्षा समजदार दिसणारच. धाकटा वीसचा होईल तेव्हा तोही समजदार होईल, पण तोवर थोरला चोवीसचा झालेला असतो. तुलना होते वयाची आणि नाव पडते स्वभावाचे. दुसरे असे की घरात थोरल्याच्या हाती रेशनकार्ड देतात, पाण्याच्या रांगेत उभा करतात, लाइटबिल भरायला पाठवतात. काम दिले की जबाबदारी येते. धाकट्याच्या हाती कधी काही दिलेच नाही, तर त्याची जबाबदारी दिसायची कुठून?

आणि आपण तरी शेंडेफळाबद्दल असे बोलू नये. सुभेदार रामजी आणि भीमाई यांचे चौदावे अपत्य म्हणजे आपले बाबासाहेब. सगळ्यांत धाकटे.

आता राशीकडे येऊ. हे लिहिताना आम्हाला जरा संकोच वाटतो, कारण बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतही सकाळच्या पेपरात आधी राशिभविष्याचा रकाना उघडला जातो, हे आम्ही पाहिले आहे. "आमची ही वृश्चिक, डूख धरणारी" किंवा "तो सिंह, ऐकायचा नाही" असे आपली माणसे सहज बोलून जातात. बर्ट्रॅम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचे स्वभाववर्णन दिले आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना वाटले की हा माझाच फोटो. मग त्याने सांगितले की वर्णन सगळ्यांना एकच दिले होते, आणि त्यातली वाक्ये रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. तुम्ही कधी मनमोकळे असता तर कधी गप्प, लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे असे तुम्हाला वाटते, अशा धाटणीची ती वाक्ये. हे कोणाला लागू पडणार नाही?

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक परीक्षा झाली. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या १०० आणि गतिमंद मुलांच्या १०० जन्मपत्रिका गोळा केल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारले, यातले हुशार मूल कोणते ते सांगा. २७ ज्योतिष्यांची उत्तरे आली. शेकडा ४६ उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवून छाप-काटा केला असता तरी शंभरात पन्नास बरोबर आली असती. २००९ साली हे 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आले.

राशीचा रकाना न वाचणारी शिकलेली पोरे आता दुसऱ्याच गोष्टीत अडकतात. कंपन्यांत आणि कॉलेजांत हल्ली स्वभावाच्या चाचण्या घेतात. त्यांतली सर्वांत गाजलेली चाचणी माणसांचे सोळा प्रकार पाडते आणि प्रत्येकाला इंग्रजी चार अक्षरांचा शिक्का देते. ती तयार केली कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकींनी. दोघींचेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ साली 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे प्रकार मांडले होते, त्यावर त्यांनी ही इमारत उभी केली. घरी बसून दोन बायांनी एवढे उभे केले याचे कौतुक जरूर करावे. पण तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा शिक्का बदलतो. एवढ्या दिवसांत माणूस बदललेला नसतो. चाचणी मधोमध रेघ मारते आणि बहुतेक माणसे नेमकी त्या रेघेच्या आसपास असतात, हे त्याचे कारण. उंचीचेच उदाहरण घ्या. साडेपाच फुटांवर रेघ मारून म्हटले की वरचे सगळे उंच आणि खालचे सगळे बुटके, तर निम्म्या वसाहतीचे भांडण व्हायचे.

मग स्वभाव म्हणून काही नसतेच का? असतो. कोणी जास्त बोलतो, कोणी कमी. कोणी लवकर चिडतो, कोणी सोसतो. शास्त्रज्ञ आज ढोबळमानाने पाच पट्ट्या मानतात आणि माणसाला डब्यात न टाकता प्रत्येक पट्टीवर तो कुठे बसतो ते मोजतात. त्यातही वय वाढते तशी माणसे सरासरीने जास्त शिस्तीची आणि शांत होत जातात, असे दिसून आले आहे. म्हणजे सोळाव्या वर्षी मारलेला शिक्का तिसाव्या वर्षीही लागू पडेल याची खात्री नाही. गप्प राहणे आणि भित्रे असणे या तर दोन अगदी वेगळ्या गोष्टी. एकाला माणसांची भीती वाटते, दुसऱ्याला नुसती गर्दी नको असते. आपण दोघांनाही घुमा म्हणून मोकळे होतो.

शिवाय बोलक्याचेच फावते, हे तरी कुठे खरे आहे? २०१३ साली अमेरिकेत फोनवरून माल विकणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त विक्री अति बोलक्यांनी केली नव्हती, अति गप्प असणाऱ्यांनीही नाही. ती केली मधल्या लोकांनी, ज्यांना बोलायचे कधी आणि ऐकायचे कधी हे कळते. खुद्द विकण्याच्या धंद्यातली ही गत. मग मीटर आणि मोटार दुरुस्त करणाऱ्याला वटवट कशाला लागते?

आता आपल्या घरचे बोलू. माणसांचे प्रकार पाडणे आपल्या धम्मग्रंथांतही आहे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्यात साधकाचे सहा स्वभाव सांगितले आहेत: रागचरित, दोसचरित, मोहचरित, सद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितक्कचरित. इथे राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती. दोस म्हणजे द्वेष. आणि हे ओळखायचे कसे? चालण्यावरून, जेवण्यावरून आणि झाडू मारण्यावरून! आसक्त माणूस झाडू नीट धरतो, घाई न करता सारखे आणि स्वच्छ झाडतो. द्वेषी माणूस झाडू घट्ट आवळतो आणि खरखर आवाज करीत दोन्ही बाजूंना वाळू उडवतो. मोहात पडलेला ढिल्या हाताने इकडची घाण तिकडे करतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडूवर पोट भरले, त्यांना हे वाचून हसू येईल. पहाटे चारला पाळीवर उतरणारी बाई झाडू घट्ट आवळते ती द्वेषामुळे नव्हे, मुकादम येण्याआधी अख्खी गल्ली संपवायची असते म्हणून.

पण आचार्यांचे दोन मोठेपण आहेत, ते सांगायलाच हवेत. हे प्रकार त्यांनी माणसाला वर-खाली बसवायला सांगितले नाहीत. कोणाला ध्यानाचा कोणता विषय मानवेल ते ठरवण्यापुरतेच त्यांचे काम. आणि सगळी लक्षणे सांगून झाल्यावर ते स्वतःच बजावतात की ही ओळखण्याची रीत मूळ पाळीत किंवा अट्ठकथांत पूर्णपणे आलेली नाही, ती केवळ आचार्यांची मते आहेत, म्हणून तिच्यावर पक्का भरवसा ठेवू नये. पंधराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात एवढा प्रामाणिकपणा! त्या सोळा शिक्क्यांच्या कागदावर असा इशारा कोणी छापला तर आम्ही त्याला हार घालू.

त्याच ग्रंथात एक मार्मिक गोष्ट आहे. दोसचरित आणि बुद्धिचरित हे एकमेकांच्या जवळचे, असे आचार्य म्हणतात. द्वेषी माणूस दोष शोधत असतो आणि प्रज्ञावंतही दोष शोधत असतो. एक नसलेले शोधतो, दुसरा असलेले. आपल्या 'भांडखोर' मुलींच्या आयांनी हे ध्यानात ठेवावे.

धाकट्या 'घुम्यां'साठी चूळपंथकाची कथा आहेच. भाऊ महापंथक हुशार, अर्हत झालेला. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावानेच त्याला विहार सोडून जायला सांगितले. भगवंतांनी त्या रडणाऱ्या भिक्खूला थांबवले, त्याच्या हाती एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. फडके हळूहळू मळत गेले आणि त्या मळण्यातूनच चूळपंथकाला अनित्यता उमगली. गाथा पाठ होत नाही, एवढेच खरे होते. त्यावरून 'हा मंद आहे' असे ठरवणे, ही भावाची चूक. संघातून काढायला निघालेला सख्खा भाऊ होता, कोणी परका नव्हता.

स्वभावाचे शिक्के काय करतात हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले. तिथल्या स्तंभावर 'नाक'ने संपणारी नावे आजही वाचता येतात. पुढे इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी 'लढाऊ जाती'चे शास्त्र काढले. अमुक जात जन्मतः शूर, तमुक जात जन्मतः नालायक. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद झाली. सुभेदार रामजी ज्या फौजेत वाढले आणि ज्या फौजेत त्यांनी शिक्षक म्हणून काम केले, तिचे दार त्यांच्या लेकरांना बंद झाले. बाबासाहेब तेव्हा अगदी लहान होते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तशी १९१७ साली १११ महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. दुसरे महायुद्ध पेटले आणि बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. शूर, मग भित्रे, मग शूर, पुन्हा भित्रे, पुन्हा शूर! सव्वाशे वर्षांत एका समाजाचा स्वभाव इतक्या वेळा कसा बदलेल? सरकारची गरज बदलत होती.

विमुक्त बांधवांचे तर याहून वाईट झाले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातल्या लेकराचाही स्वभाव सरकारी वहीत लिहिलेला. तो शिक्का कागदावरून निघायला १९५२ साल उजाडले. लोकांच्या तोंडावरून तो अजून निघालेला नाही.

राष्ट्रांचे आणि प्रांतांचे स्वभावही याच पठडीतले. पुणेकर खोचक, वैदर्भी आळशी पण दिलदार वगैरे. २००५ साली ४९ संस्कृतींमधून माहिती गोळा करून तपासले गेले की लोक आपल्या राष्ट्राचा जो स्वभाव सांगतात, तो तिथल्या माणसांच्या मोजलेल्या स्वभावाशी जुळतो का. जुळला नाही.

या सगळ्याच्या मुळावर बाबासाहेबांनी घाव घातला तो १९३६ साली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणाला बोलावले आणि मजकूर वाचून माघार घेतली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, तोच 'जातिप्रथेचे विध्वंसन' हा ग्रंथ. जन्मावर नको, गुणांवर चार वर्ण करू, असे तेव्हा काही सुधारक म्हणत होते. ऐकायला किती गोड! त्यांना उत्तर देताना बाबासाहेबांनी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला समोर उभे केले. प्लेटोने माणसांच्या प्रकृतीवरून समाजाचे तीन वर्ग पाडले होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की माणसांना मोजक्या ठरीव गटांत कोंबणे म्हणजे माणसाला वरवर पाहणे. प्रत्येक माणूस दुसऱ्याहून वेगळा असतो, इतका की तो स्वतःच एक वर्ग असतो. सोळा प्रकारांची ती चाचणी बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट.

आमच्याकडूनही चूक झाली आहे, ती कबूल करतो. जयंतीच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षे भाषणाला आम्ही तीच चार बोलकी पोरे उभी केली आणि गप्प पोरांना खुर्च्या मांडायला लावल्या. कोण बोलेल, असे त्यांना एकदाही विचारले नाही.

त्या वसाहतीत आम्ही पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी बाईंना आधीच सांगितले, "ताई, पाच मिनिटं तुम्ही बोलायचं नाही." पोराला विचारले, इलेक्ट्रिकलच का? तो बराच वेळ गप्प राहिला. बाई दोनदा तोंड उघडून थांबल्या. मग तो विहारातल्या पंख्याकडे बघून म्हणाला, "ह्याचा कंडेन्सर गेलाय. म्हणून हळू फिरतो. मी मागंच सांगणार होतो, पण कुणी विचारलं नाही." त्यानंतर तो सलग काही मिनिटे बोलला. त्यातले निम्मे आम्हाला कळले नाही.

डिप्लोमाचा अर्ज भरला गेला आहे. खिडकीवरच्या बाबूने नियमात नसलेला एक कागद मागून त्यांना परत पाठवले होते. आई निमूटपणे निघाली होती. मधलीने माहितीपुस्तिका उघडून त्याच्यासमोर धरली आणि यात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणून तिथून हललीच नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी अर्ज जमा झाला. तिच्या स्थळाचा विषय मात्र घरात अजून मिटलेला नाही. तिला बीएस्सीला जायचे आहे आणि त्यावरून रोज कटकट चालू आहे. हे सांगताना बाई हसत होत्या. "लईच भांडखोर आहे सर," म्हणाल्या, "पण कागद घेतला त्यानं."